वाटेवर आडवी फांदी

चिमणाबाईला धनराजच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं: माझी सायकल हिच्यावर गेली. त्यासाठी ती चार महिने दबा धरून बसली होती.

धनराज शहरातला, गंगापूर रोडचा, सायकलवाल्यांच्या क्लबचा म्होरक्या. पेठच्या बाजूला डोंगरात वनउद्यान झालं, तेव्हा चिमणाबाईच्या पाड्याच्या पायवाटांना 'ट्रेल' म्हणायची टूम त्यानेच काढली. वाटा पाड्याच्या आज्या-पणज्यांच्या पायांनी पडलेल्या, नावं मात्र क्लबने ठेवलेली. तेही चाललं असतं. पण पाड्याची एक रीत आहे. पुढे दरड असो, माजलेलं जनावर असो, की बाया मोळ्या घेऊन उतरत असोत, वाटेच्या तोंडाशी ताजी फांदी आडवी टाकायची. फांदी दिसली की पाड्यातला माणूस पुढे पाऊल टाकत नाही. आश्विनात धनराजने अशीच एक फांदी कचरा म्हणून लाथेने उडवली आणि सुसाट खाली आला. डोक्यावर मोळी असली की बाईला मान वळवता येत नाही. सायकल चिमणाबाईच्या अंगावर आली; तिचं मनगट मोडलं आणि वाकडंच बसलं.

मनगटाचंही तिने सोसलं असतं. पण मेल्याने उद्यानाच्या कचेरीत लिहून दिलं की म्हातारी पाय घसरून पडली; तरी लोकांच्या जिवाला जपून ही वाट सायकलींपुरतीच ठेवावी. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. आठवड्यात पाटी लागली आणि पाड्याला स्वतःची वाट बंद झाली.

सून सविता म्हणाली, "जाऊ दे आत्या. मोठ्यांशी काय भांडायचं?"

पण ते "पाय घसरून" चिमणाबाईच्या मनात रोज ठसठसत होतं. पन्नास वर्षं ती त्या उतारावर चालली होती आणि एकदाही घसरली नव्हती.

माघात क्लबची शर्यत ठरली. आदल्या दिवशी सकाळी धनराज एकटाच वाटेवर चुन्याच्या फक्कीचे बाण आखायला येणार, हे वनरक्षक कोंडाजीच्या बोलण्यातून तिला कळलं. उजाडताच ती निघाली. जिथे दोन वाटा फुटतात, तिथे डाव्या वाटेवर तिने करंजाची फांदी आडवी टाकली. डावी वाट खाजकुयलीच्या जाळीतून जाते. माघात त्या शेंगा वाळतात; दिसायला मखमल, पण नुसता धक्का लागला तरी कुसं उडतात. तिने खोटं काहीच केलं नव्हतं. रीतीप्रमाणे माणसाला बजावलं होतं. मात्र या माणसाला बजावलं की तो काय करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

ती करवंदीच्या आड बसली. धनराज आला, फांदी पाहून थबकला.

"झाली यांची अडवाअडवी सुरू," असं पुटपुटत त्याने फांदी भिरकावली. खरं तर त्याला उजवीकडे जायचं होतं. केवळ अडवलं म्हणून त्याने सायकल डावीकडे घातली. चिमणाबाईने तोंडात पदर कोंबला आणि ती झपाझप घराकडे निघाली. खाज सुटलेला माणूस जवळच्या घराकडेच धावणार, आणि जवळचं घर तिचंच होतं.

घटकाभरात धनराज अंगणात हजर झाला. तोंड सुजलेलं, मान लालबुंद, दोन्ही हातांनी अंग ओरबाडतोय. पाडा गोळा झाला. कोंडाजीही आला.

"मावशी, पाणी द्या आधी."

"पाण्यानं काय व्हणार नाय. याला शेण चोळावं लागतं." टोपली तिच्या पुढ्यातच होती, ताज्या शेणाने भरलेली.

"मग द्या ना लवकर."

"देते. आधी सांग, मी कशी पडले?"

धनराजने कोंडाजीकडे पाहिलं. कोंडाजीने खिशातली वही काढली. "बोला साहेब, लिहून घेतो."

"माझी सायकल लागली," धनराज मान खाजवत म्हणाला.

"लागली, का घातली? फांदी व्हती का नव्हती?"

"होती. मीच उडवली. मावशी घसरल्या नव्हत्या. माझी सायकल त्यांच्यावर गेली." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हे ऐकल्यावर आपल्याला रडू येईल, असं चिमणाबाईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. वाक्य गोड लागलं, इतकं गोड की एकदा ऐकून तिचं पोट भरेना. दया तर तिला जराही आली नाही.

कोंडाजीने सही घेतली. धनराजने टोपलीकडे हात नेला, तशी तिने टोपली मागे ओढली.

"थांब. माझी सून झऱ्यावर पाण्याला गेलीय. तिच्यासमोर पुन्हा सांग."

"किती वेळ लागेल तिला?"

"आधी लगेच यायची," चिमणाबाई उंबऱ्यावर निवांत बसत म्हणाली. "आता वाटेवर तुझी पाटी हाय. टेकडीला वळसा घालून यावं लागतं."

धनराज अंगणात खाजवत उभा राहिला.