हेडमास्तरांची थेरपी

रायपूर राजधानी झालं आणि स्टेशनामागच्या गुढियारी वस्तीच्या वाट्याला दोन गोष्टी जास्तीच्या आल्या, धूळ आणि पाहुणे. कलावतीबाई लग्न होऊन नागभीडहून इथं आल्या तेव्हा मालगाडीच्या डब्यांची खडखड सोडली तर कानाला त्रास नव्हता. लाउडस्पीकर वाजायचा तो वर्षातून एकदा, जयंतीला. आता दर आठवड्याला कुणीतरी फीत कापायला यायचं आणि शाळेतली पोरं उन्हात रांगेनं उभी.

त्यांची नात अपर्णा दुसरीत होती. तिला ऑटिझम होता. बेरजेत पक्की, बोलण्यात कंजूस. माइक कुईऽऽ करून किंचाळला की तीही किंचाळायची आणि स्वतःचं मनगट चावायची. हेडमास्तर नीलकंठ सरांचा तर माइकवर जीव. रोजची प्रार्थनाही ते माइकवरच घ्यायचे.

त्यांनी कलावतीबाईंना बोलावून घेतलं. "अम्मा, अगले महिने बडे साहब आ रहे हैं. उस दिन बच्ची चिल्लाई तो नाम काट दूंगा."

याआधी तीन शाळांनी अपर्णाला दारातूनच परत पाठवलं होतं. चौथी हीच.

महिन्यातून दोनदा नागपूरहून राधिका मॅडम यायच्या, अपर्णाच्या थेरपीसाठी. पोरगी ओरडण्याआधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते लिहून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. कलावतीबाई पंधरा दिवस शाळेच्या पायरीवर वही घेऊन बसल्या.

"आजी, अकरा वेळा ओरडली," मॅडम वही वाचून म्हणाल्या, "आणि अकराही वेळा आधी माइक सुरू झालाय."

"मंग सुधरवाचं कोणाले?"

मॅडम हसल्या. अपर्णाला त्यांनी एक लाल कार्ड दिलं. त्रास झाला की ओरडायचं नाही, कार्ड वर करायचं. "पण कार्ड दिसलं की आवाज खरंच थांबला पाहिजे, आजी. आणि शाबासकी तिथल्या तिथं, उधारी नाही."

अपर्णा चार दिवसांत शिकली. नीलकंठ सर काही शिकेनात. "बच्ची मुझे ऑर्डर देगी?" म्हणत आवाज उलट वाढवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कलावतीबाईंची कढई चढली.

"काय तळून राहिली एवढ्या सकाळी?" नत्थूजींनी, त्यांच्या नवऱ्यानं, विचारलं.

"सांबारवडी. हेडमास्तरची थेरपी आहे."

कार्ड वर गेलं आणि सरांनी माइक बंद केला, की लगेच हातात कोथिंबिरीनं गच्च भरलेली गरम वडी. नाही केला, की डब्याचं झाकण घट्ट आणि कलावतीबाईंची नजर थेट मालधक्क्याकडं. दुसऱ्या आठवड्यात सर माइक बंद करता करताच डब्याकडं पाहू लागले. 'पोरीपेक्षा हळू शिकतात, पण शिकतात,' असं कलावतीबाईंनी वहीत टिपून ठेवलं.

मोठे साहेब आले ते दोन तास उशिरा. नव्या राजधानीचे रुंद रस्ते सांगायला लागले ते थांबेचनात. अर्ध्या तासानं माइक किंचाळला. बाजूला बसलेल्या कलावतीबाई डबा सावरत उठल्या. मागच्या रांगेत अपर्णाचं मनगट तोंडाकडं गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि लाल कार्ड वर आलं.

मंचाच्या कडेला माइकच्या मशीनपाशी उभ्या नीलकंठ सरांनी ते मान उंच करकरून पाहिलं. विचार करायला वेळ मिळण्याआधीच त्यांचा हात बटणावर गेला होता.

साहेबांचे ओठ हलत राहिले, रस्ते मात्र ऐकू येईनात. भाषण संपलं समजून पोरांनी जीव खाऊन टाळ्या वाजवल्या. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. हार सावरत खाली बसले.

आपण काय करून बसलो ते कळून सर पांढरेफटक पडले. कलावतीबाईंनी उशीर केला नाही. मंचामागून गेल्या आणि डबा उघडला.

सरांनी लागोपाठ दोन वड्या खाल्ल्या, रुमालानं कपाळ पुसलं, मग ओठ पुसले.

"अम्मा," ते हळूच म्हणाले, "अगली बार बच्ची को पहली लाइन में खडा करना. पीछे से कार्ड ठीक से दिखता नहीं."