गार पडलेला नमुना

मित्रांनो, जनावरांच्या संशोधन केंद्रात गेलात, तर प्रयोगशाळेच्या खिडकीखालच्या ओट्यावर प्लास्टिकची धुळकट टोपी घातलेला एक काळा मायक्रोस्कोप दिसेल. तो मी. माझे वय झाले आहे. बारीक फिरवायचे चाक अडखळते, आणि एका भिंगाच्या कडेला बुरशीची नक्षी उमटली आहे. थकलो आहे हे मी लपवत नाही. पण नळी शाबूत आहे तोवर एक हकिगत तुमच्या कानावर घालून ठेवतो.

मी एका कारखान्यात तयार झालो. माझी भिंगे एका वयस्कर कारागिराने आठवडाभर घासली. प्रत्येक भिंग तो उजेडाकडे धरायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. त्याचे समाधान झाले तेव्हाच मला लाकडी पेटीत बसवले. पेटीतल्या अंधारात मी मोठी स्वप्ने पाहिली. आपण फुलांचे पराग पाहू, फुलपाखरांचे पंख पाहू, असे मला वाटत होते. इथे पोचलो आणि पहिल्याच दिवशी माझ्यापुढे शेण आले.

हसू नका. त्या शेणात फार मोठे जग असते. शेण मिठाच्या दाट पाण्यात ढवळले की जंतांची अंडी वर तरंगतात. ती मोजली की कोणत्या जनावराच्या पोटात किती जंत आहेत याचा अंदाज येतो. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई माझ्यापुढे तासन्‌तास बसायच्या. एक डोळा माझ्यावर, एक हात वहीवर. पाहुणे आले की त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "हा कधी चुकत नाही." ते ऐकून मी सुखावायचो. आता ते शब्द आठवले की अवघडल्यासारखे होते.

डॉक्टरबाई शिस्तीच्या होत्या. एकदा कुणीतरी शेणाच्या बाटल्या उन्हात विसरले. दुसऱ्या दिवशी अंडी फुटून आत अळ्या वळवळत होत्या. आठवड्याची मोजणी पाण्यात गेली. त्याच दिवशी बाईंनी फ्रिजच्या दारावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: "बाटली आली की आधी फ्रिजमध्ये. कोणतीही बाटली." तो नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

केंद्राच्या गोठ्यात गायींचा एक कळप होता आणि त्या कळपाला एकच वळू. नाव सरदार. काळाभोर, तुकतुकीत, चालला की जमीन हादरावी असा. त्याला सांभाळणारा माणूस मात्र काडीसारखा. सगळे त्याला पैलवान म्हणत, ते सरदारमुळेच. गायींची देखभाल करायच्या मावशी. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण केंद्रातल्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत.

एका वर्षी गायी गाभण राहीनाशा झाल्या. सात गायींवर वांझ असा शिक्का बसला आणि त्यांना कळपातून काढले. मित्रांनो, काढले म्हणजे काय, हे सांगताना मला जड जाते. एक गाडी येते, आणि तीत चढलेले जनावर परत येत नाही. पुढच्या वर्षी आणखी अकरा गायींची यादी लागली. सोमवारी गाडी येणार होती.

मावशी शुक्रवारी तरातरा प्रयोगशाळेत आल्या.

"बाई, माझ्या गायी वांझ नाहीत हो. गाभण राहतात, दोन-अडीच महिने जातात, आणि पुन्हा माजावर येतात. पोटात काहीतरी धरतं आणि जातं. तुमच्या त्या सरदारला तपासा."

"तीनदा तपासलाय, मावशी. तीनही वेळा काही सापडलं नाही."

पैलवान दारातच होता. त्याला ते झोंबले. "सरदारचं नाव घेऊ नका. डोळे बघा त्याचे, अंग बघा. आजारी जनावर असं दिसतं का?"

"दिसण्याचं मला सांगू नकोस. दिसायला तूही भोळाच दिसतोस. बाटल्या कोण आणतं इथे? तूच ना? मग कुठल्या जनावराची आणतोस कोण जाणे!"

"मावशी, तोंड सांभाळून बोला!"

"तोंड सांभाळून अकरा गायी जायची वेळ आली रे बाबा."

शेवटी बाईंनी चौथी तपासणी कबूल केली. वळूच्या जननेंद्रियावरचे आवरण आतून मिठाच्या पाण्याने धुतात आणि ते पाणी बाटलीत घेतात. वळूकडून गायींना लागणारा एक अगदी सूक्ष्म परजीवी त्यात सापडू शकतो. वळूला त्याचा काही त्रास होत नाही. गाय मात्र गर्भ टाकते.

शनिवारी सकाळी मावशी पैलवानाच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. बाटली भरल्याबरोबर त्यांनी ती हिसकावून घेतली, मुठीत घट्ट धरली आणि अंगण ओलांडून थेट माझ्यासमोर आल्या. मागून पैलवान धावत.

"फ्रिजमध्ये ठेवा, दुपारी बघते," बाई म्हणाल्या.

"नाही. फ्रिजच्या खोलीला कडी नाही, कुलूप नाही. ज्याचा वळू, त्याचाच तिथे वावर. आत्ता बघा, माझ्या डोळ्यांदेखत."

"अहो, नियम आहे तो."

"असू दे. एकदा मोडा. मग मी गप्प बसेन."

वाद मिटावा म्हणून बाईंनी बाटलीच्या तळाचा एक थेंब काचेवर घेतला. थेंब अजून कोमट होता. बाईंनी चाक फिरवले. आणि मित्रांनो, मला ते दिसले. नासपतीच्या आकाराचे इवलेसे जीव, पुढे तीन केसांसारख्या शेपट्या, हिसके देत, गिरक्या घेत पळत होते.

चाकावरची बाईंची बोटे थांबली. मग त्यांनी बाटलीतले पाणी दोन बाटल्यांत ओतले. एक नेहमीसारखी फ्रिजमध्ये ठेवली. दुसरी दिव्याच्या उबेला. दुपारी दोन्ही माझ्याखाली आणल्या. उबेतल्या बाटलीत धावपळ चालूच होती. गार बाटलीत नुसते गोल ठिपके. हलत नव्हते, ओळखू येत नव्हते. असले ठिपके मी त्या तीन तपासण्यांतही दाखवले होते.

"पैलवानानं काही बदललं नाही, मावशी," बाई खाली बघत म्हणाल्या. "त्यानं खरीच बाटली आणली. मीच ते जीव गारठवून मारत होते. शेणासाठी केलेला नियम सगळ्यालाच लावला."

मावशी स्टुलावर बसल्या. "मग मागच्या वर्षीच्या सात?"

"तीन-चार महिने वळूपासून दूर ठेवलं असतं, तर बहुतेक बऱ्या झाल्या असत्या."

मग मावशी पैलवानाकडे वळल्या. "तुला खोटारडा ठरवलं रे मी."

"ते मी सोसलं असतं, मावशी," तो म्हणाला. "सरदारचं काय होणार ते सांगा."

"त्याला आता कळपात ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या. वळूच्या अंगात मुरलेला हा परजीवी सहसा जात नाही. पैलवान भिंतीला टेकून उभा राहिला. मग गोठ्यात जाऊन त्याने सरदारला अंघोळ घातली. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

बाईंनी गाडी रद्द करायला फोन केला. जुनी वही काढली. सात गायींच्या कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक मोठ्याने वाचत त्यांनी प्रत्येकापुढे लिहिले, "माझी चूक", आणि खाली सही केली. फ्रिजवरचा कागद काढून नवा लावला. त्यात कोणती बाटली गार ठेवायची आणि कोणती उबेत, हे वेगवेगळे लिहिले.

अकरा गायींना वळूपासून तीन-चार महिने विश्रांती मिळाली. त्यातल्या नऊ पुढे नव्या वळूपासून व्याल्या. दोघींना काही गर्भ राहिला नाही. पण त्यांना न्यायला गाडी बोलावायची भाषा मावशींसमोर पुन्हा कुणी केली नाही.

आता इथे पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आहे. माझी तक्रार नाही. आयुष्यभर टक लावून मी दमलो आहे. तुम्ही एखादे यंत्र हाताळाल, तेव्हा त्याचे भिंग मऊ कापडाने पुसा, त्याला ओल लागू देऊ नका. आणि एवढे जरूर करा: त्याच्यापुढे जे ठेवाल ते कुठून आले, वाटेत कसे सांभाळले, हे आधी विचारा. मी समोरचे तेवढे दाखवतो. समोर येण्याआधी काय मेले, ते मला कळत नाही. बाई म्हणायच्या तसा मी चुकलो नव्हतो, तरी सात गायी गेल्या. त्यांचे क्रमांक मला पाठ आहेत. तुमच्यावर असे क्रमांक पाठ करायची वेळ येऊ नये.