चार तुमची, चार आमची

वाटणीच्या वेळी माणसं चमचेसुद्धा मोजून घेतात. थोरल्या दिरांनी तर सकाळी सकाळी येऊन घरच्या स्टुडिओतली, सिनेमे साठवायची चार स्टोरेज मशिनंच उपटली. आठांतली निम्मी. धाकटी सून दारात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, नेऊ नका. प्रत्येक सिनेमाचे बारीक तुकडे करून आठांवर पसरलेत. निम्मी नेलीत तर तुम्हालाही काही उघडायचं नाही आणि आम्हालाही नाही."

"मला शिकवू नकोस. निम्मं म्हणजे निम्मं."

तिचा नवरा मूग गिळून उभा होता. तिला दिरांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

ही मशिनं तिनंच जुळवली होती. पूर्वी सगळं एकाच डिस्कवर असायचं. सिनेमा अडखळत चालायचा आणि त्याची कॉपी काढण्यात अख्खा दिवस जायचा. आता आठही मशिनं आपापला तुकडा एकदम उचलून देत. एखादं बंद पडलं तर बाकीची त्याची उणीव भरून काढत. चार गेल्यावर मात्र कुणाचाच इलाज चालणार नव्हता. आणि त्यांच्यावरच तो जुना कृष्णधवल सिनेमा होता, जो तिनं दोन वर्षं एकेक चित्र पुसून स्वच्छ केला होता. बाकीच्यांची मूळ रिळं शाबूत होती, याच्या रिळाचा मात्र भुगा झाला होता. पाच वाजता त्याची नव्वदीची नायिका तो बघायला येणार होती.

दुपारी दिरांचा फोन आला. "काहीच उघडत नाही. मुद्दाम केलंस तू."

"सकाळीच सांगितलं होतं. घेऊन या. बाईंना शब्द तुम्हीच दिलाय."

थोरले एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून आले. मशिनं जोडल्यावर तारांशेजारीच खुर्ची टाकून बसले. "सिनेमा संपला की माझी चार मी नेणार. एक मिनिटही जास्त नाही."

"न्या," धाकटी म्हणाली. तिनं त्यांच्यादेखत एक कोरी, वेगवान डिस्क लावली आणि त्या सिनेमाची कॉपी सुरू केली.

दीर हसले. "लाव, लाव. उद्या सकाळी होईल."

त्यांची अक्कल अजून पूर्वीच्या त्या एकट्या डिस्कपाशीच थांबली होती.

सिनेमा एकदाही अडखळला नाही. म्हातारी स्वतःच्या विशीतल्या चेहऱ्याकडे टक लावून बसली होती. धाकटीची नजर मात्र कॉपीच्या आकड्यावर होती. पडद्यावर 'समाप्त' आलं तेव्हा तो अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होता, आणि थोरल्यांनी तारेला हात घातला.

"थांबा हो," म्हातारी म्हणाली. "जरा बसू द्या मला."

तिच्यापुढे थोरल्यांनाही तार ओढवेना. ते तार धरून तसेच उभे राहिले. आकडा शंभर झाला.

मग त्यांनी तारा उपटल्या. धाकटीनं ती डिस्क काढून म्हातारीच्या हातात दिली आणि दिरांसाठी स्वतः दार उघडून धरलं.

"सावकाश न्या भाऊजी. जड आहेत."