कितवा प्रश्न?

मी लाँड्रीत इस्त्री करते. वाफेच्या इस्त्रीने मनगट भाजलं होतं आणि धाकटी बहीण त्यावर मलम लावत होती. तिची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. वयाची अट बघता ही शेवटची संधी. वर्षभर सामान्य विज्ञानाच्या क्लासला जात होती, म्हणून मी सहज विचारलं, "उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने जास्त का भाजतं गं?"

"कितवा प्रश्न, ताई?"

मला वाटलं थट्टा करतेय. कसली थट्टा! क्लासच्या सरांनी दोनशे प्रश्नांची पुस्तिका दिली होती आणि मुलींकडून नुसती उत्तरांची अक्षरं पाठ करून घेतली होती. चौदा, ब. पंधरा, ड. पाढे म्हणावेत तशी ती घडाघडा म्हणून दाखवू लागली. हृदयाला कप्पे किती, विचारलं तर गप्प. नंबर सांगितला की 'क' हजर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच क्लासवर गेले. निवड झालेल्या मुलींच्या फोटोंनी भिंत भरली होती. पोपट तयार करता की नर्स, असं मी सरांना तोंडावर विचारलं. त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. दरवर्षी हेच प्रश्न, याच क्रमाने येतात, म्हणाले. समजून घ्यायला पुढे कॉलेज आहेच.

घरी आले आणि पुस्तिका कपाटात कुलूपबंद केली. धाकटी रडली. आई म्हणाली, तुला काय कळतं त्यातलं? खरंच कळत नव्हतं, पण ऐकेल ती मी कसली! शेजारणीकडून शाळेची जुनी पुस्तकं आणली आणि रोज कामावरून आले की धाकटीसमोर ठाण मांडायचे. मी फक्त 'का?' विचारायचे आणि पटल्याशिवाय सोडायचे नाही. आधी ती तोंड फुगवून बसायची, मग हळूहळू मलाच समजावू लागली. वाफेचं पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता कातडीला मिळते, हे सांगताना तिचा चेहरा असा खुलला होता की माझी मीच पाठ थोपटून घेतली.

परीक्षेला पेपर आला तो पुस्तिकेतलाच. शब्दही बदलला नव्हता. वेळ इतका कमी, की वाचत बसणाऱ्याचं कामच नव्हे. तिच्या क्लासमधली मैत्रीण प्रश्नाकडे न बघता भराभर गोळे काळे करत सुटली. धाकटीचे शेवटचे पन्नासएक गोळे कोरे राहिले.

निकाल लागला, मैत्रिणीचा फोटो भिंतीवर चढला. मी सरांचा उद्धार केला, पेपर काढणाऱ्यांचा केला, घसा बसेपर्यंत केला. धाकटीने मला चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं.

"ताई, मला सगळं येत होतं गं," ती शेवटी म्हणाली. "सोडवताना इतकी मजा येत होती, की घड्याळाकडे बघायचंच राहिलं."

आता ती माझ्याबरोबर लाँड्रीत येते.