मंगळवारचं बाक

"आजी, साखर उतरली न तुमची." मयुरी सिस्टरनं टोचलेलं बोट कापसानं पुसलं. "आता दर मंगळवारी मीच येत जाईन. तुमाले कुठी जाचं काम नाई."

देवकाबाईंनी मान हलवली. चांगल्या कामाला नाही कोण म्हणणार? मधुमेहानं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हापासून त्यांना उपकेंद्रात न्यायचं म्हणजे वरातच असे. शेजारचा रूपराव आपली भाजीची हातगाडी रिकामी करायचा, वर सतरंजी टाकायचा आणि म्हातारीला बसवून गावातून ढकलत न्यायचा. दारादारातून विचारणा व्हायची. बाईंचं तोंड सुटलं की गाडी तिथंच अडायची. पुढं उपकेंद्राच्या बाकावर प्रमिलाबाई आणि दम्याचा तानबा वाट बघत असत. सिस्टर आत बोलावीपर्यंत हे तिघं मिळून अख्ख्या गावाची नाडी तपासून मोकळे होत. गोळ्या आपल्या निमित्ताला.

आता मयुरी स्कूटीवर यायची, दाब बघायची, गोळ्या ठेवून निघून जायची. देवकाबाई तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा मांडत, पण तो घ्यायला तिला सवड नसे. आधी त्यांना वाटलं, बौद्धवाड्यातला चहा नको असेल. मग कळलं, पोरगी कुणाकडेच घेत नाही. मनातला काटा निघाला, पण चहा एकटीनंच प्यावा लागला.

एकदा त्यांनी धीर करून म्हटलं, "पोरी, मले तिकडंच बोलावत जा. मी येतो न."

"काऊन हाल करून घेता, आजी? तुमच्यासाठीच त हे सुरू केलं."

घर खायला उठतं, हा काही रोग नव्हता की त्यावर गोळी मागावी. रूपरावही हल्ली फिरकत नसे. त्याचं तरी काय चुकलं? काम उरलं नाही, तर माणूस येईल कशाला?

पुढच्या मंगळवारी बाईंनी सकाळीच धुतलेलं पातळ नेसलं, रूपरावाला हाक मारली आणि चक्क खोटं सांगितलं, की सिस्टरनं आज तिकडेच बोलावलंय. त्यानं निमूटपणे गाडी रिकामी केली. सोयाबीन काढणीचे दिवस होते. गल्लीतल्या दारांना कुलपं होती.

उपकेंद्राचं बाक रिकामं होतं. झाडू मारणाऱ्या कांतानं सांगितलं, सिस्टर तर गावात गेली. प्रमिलाबाईला, तानबाला, सगळ्यांनाच आता घरी औषध मिळतं. इकडं कोण येणार?

रूपरावाच्या सगळं ध्यानात आलं. "चाल काकू, वापस जाऊ," तो हळूच म्हणाला.

देवकाबाई त्याच्या खांद्याचा आधार घेऊन बाकावर टेकल्या. पदर नीट केला.

"थांब न बापा. माहा नंबर त येऊ दे."

त्यांच्या मागचा नंबर आपलाच असल्यासारखा रूपराव शेजारी बसला.