तेलाच्या डब्याला कुलूप

भैय्याजी गेले तेव्हा तुमसरच्या बाजारात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, की कुंताबाई आता राइस मिल विकायला काढणार आणि त्यांचे दीर श्यामराव ती घेणार. तेरावं आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी कुंताबाई मिलच्या ओट्यावर नवऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. माहेर एकोडीचं, सारं बालपण धानाच्या बांधीत गेलेलं. मुठीत दाणे घेतले की धान किती ओलं आहे, भरडताना कनी किती पडेल, हे त्यांना कळायचं. हमालांशी बोलणं जमायचं, व्यापाऱ्यांशी भांडणं त्याहून बरं जमायचं. न कळणारी वस्तू मिलमध्ये एकच होती, ती म्हणजे मागच्या खोलीतलं इंजिन.

तिकडे विजेचा काही भरवसा नव्हता, म्हणून भैय्याजींनी कुठल्याशा धरणाच्या कामावरचं जुनं डिझेल इंजिन लिलावात घेतलं होतं. साधं नव्हे, टर्बोचं. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून ताकद वाढते, असं त्यांनी बायकोला मोठ्या कौतुकानं समजावलं होतं. टाकून द्यायच्या धुराकडून काम करून घेणारं यंत्र, हे ऐकूनच कुंताबाईंना त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं होतं. पण नवऱ्यापुढे त्या गप्प राहिल्या.

इंजिनासोबत हिरालाल आला होता. धरणावर तो हेच इंजिन चालवायचा. साकोलीकडचा माणूस, बोलायला कमी, कामाला चोख. चौदा एप्रिल आणि दसरा सोडला तर त्यानं कधी सुट्टी मागितली नाही. मिलच्या मागे एका खोलीत तो आणि त्याची बायको सुमनबाई राहत. सुमनबाई मिलमध्येच तांदूळ पाखडायच्या कामावर होती.

भैय्याजींच्या मागे वर्षभरात एक गोष्ट कुंताबाईंच्या ध्यानात आली. इंजिनात ओतायचं तेल फार लागत होतं. डिझेल नव्हे, वंगणाचं तेल. पहिले एक पिंप हंगामभर पुरायचं, आता हंगामाच्या मध्यातच तळ दिसू लागला. श्यामराव रोज सकाळी मिलच्या ओट्यावर चहाला येत. त्यांच्यापुढे हा विषय निघाला तेव्हा ते कपात फुंकर मारत म्हणाले, "वहिनी, तेल इंजिन पेते का माणूस पेते, ते पाहा जरा."

बोलून ते मोकळे झाले, पण ते वाक्य कुंताबाईंच्या मनात घर करून बसलं. तेव्हापासून हिरालालच्या हातात बाटली दिसली की त्यांची नजर तिच्यावर, त्याच्या अंगातला सदरा फुगलेला दिसला की नजर सदऱ्यावर. तो बाहेर पडला की त्या उगीचच फाटकापर्यंत जात.

एक दिवस हिरालाल स्वतःच ओट्याखाली येऊन उभा राहिला. म्हणाला, इंजिन म्हातारं झालं आहे, आतल्या रिंगा झिजल्या आहेत. त्यामुळं पोटात गॅस धरतो आणि तो तेलाची वाफ घेऊन वरच्या नळीनं बाहेर पडतो. ती नळी जोडली आहे टर्बोच्या तोंडाला. टर्बो ती वाफ ओढून घेतो आणि तेल जळून जाते. धूर निळा येतो तो त्याच्यामुळेच. मधात एक डबा बसवला तर तेल डब्यात अडकेल, टर्बो साफ राहील.

कुंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तेल जळते म्हणे. मांजरानं दूध पिऊन ते उतू गेलं म्हणून सांगावं, तसलंच हे. तरी त्यांनी होकार दिला. हा माणूस नेमकं काय करतो ते तरी दिसेल, असा त्यांचा हिशेब.

हिरालालनं बाजारातल्या वेल्डरकडून जाड पत्र्याचा डबा करून आणला. आत लोखंडी तारेचा चोथा ठासून भरला, वरच्या बाजूला दोन नळ्या, तळाशी एक तोटी. मिल सुरू व्हायच्या आधी सकाळी तो डबा बसवायला लागला आणि कुंताबाई दारात पाट टाकून बसून राहिल्या. इंजिनाची वाफ एका नळीनं डब्यात शिरेल, तेल तारेला चिकटून खाली बसेल आणि कोरडी हवा दुसऱ्या नळीनं टर्बोकडं जाईल, असं तो पट्ट्या आवळता आवळता सांगत होता. त्या हुं हुं करत होत्या आणि त्याच्या हातांकडे पाहत होत्या.

धूर विरळ झाला, हे त्यांनाही दिसलं. पण धुराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. आठेक दिवसांनी हिरालाल जेवायला गेला असताना त्यांनी हळूच तोटी फिरवली. काळं, दाट तेल धार धरून बाहेर आलं, तशा त्या मागे सरकल्या. आतापर्यंत तेल कुठं जात होतं ते दिसत नव्हतं. आता ते एका डब्यात आयतं जमा होत होतं, वर काढून न्यायला तोटी. चोरानं चोरीची सोय करून घेतली, आणि तीही मालकिणीच्या परवानगीनं!

त्याच आठवड्यात सुमनबाई हातात डोलची घेऊन, वर पदर झाकून, बाजाराकडं जाताना त्यांना दिसली. डोलचीच्या काठाला काळा ओघळ होता.

कुंताबाईंनी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळणार, आणि हिरालालकडं उत्तरं असतातच, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच वेल्डरला बोलावून तोटीवर कडी बसवून घेतली, दोन्ही नळ्यांभोवती साखळी फिरवली आणि कुलूप घातलं. चाबी कमरेच्या जुडग्यात गेली. श्यामराव म्हणाले, हे बेस केलं.

हिरालाल कामावर आला. त्यानं कुलूप हलवून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, कुलूप तुमचं राहू द्या. पण हा डबा भरू द्याचा नाही. भरला तं तेल सिधं टर्बोत जाईन, मंग इंजिन कोणाच्या बापाचं आयकणार नाही."

कुंताबाईंना ती धमकी वाटली. तरी दर बाजाराच्या दिवशी त्या स्वतः कुलूप काढत, तेल उतरवून घेत आणि कोठाराच्या खोलीत ठेवून देत. सुमनबाईनं गुडघे दुखतात म्हणून पाखडायला येणं सोडलं. हिरालाल पहिले कधीमधी धानाबद्दल, पावसाबद्दल दोन शब्द बोलायचा, तेही बंद झालं. कुंताबाईंना त्यातही खूणच दिसली. मन साफ असतं तर माणूस तोंड कशाला चुकवेल?

दिवाळी झाली. नवं धान आलं, मिलपुढं बैलबंड्यांची रांग लागली आणि इंजिन दिवसभर धडधडू लागलं. त्याच सुमारास एकोडीची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा, आली. भाऊ न्यायला आला. मंडईला माहेरी जायचं नाही तर कधी जायचं? मिल श्यामरावांवर सोपवून कुंताबाई गेल्या. परतायचा दिवस आला तेव्हा भाऊ म्हणाला, रात्री दंडारीचं नाटक आहे, पाहून जा. भावजय म्हणाली, आणखी चार दिवस राहा. त्या राहिल्या. बाजाराचा दिवस येऊन गेला, दुसराही गेला. चाबी कमरेला होती, पण मंडईच्या धांदलीत तिची आठवण आली नाही.

त्या परतल्या तेव्हा दुपार व्हायला आली होती. घर मिलला लागूनच. रिक्षातून उतरतात तो हिरालाल फाटकात उभा. पिशवी घ्यायलाही पुढं आला नाही, सरळ म्हणाला, "बाई, चाबी द्या."

"आल्या आल्या? येवढी घाई काहून?"

"डबा भरला. मी तुमच्या भाऊजीले तीनदा सांगतलं का इंजिन बंद करू. ते म्हणे उकड्या तांदळाचं धान हौदात भिजून आहे, सडून जाईन."

कुंताबाईंनी त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे तांबारलेले, आवाज चढलेला. इतक्या वर्षांत या माणसानं कधी असा आवाज चढवला नव्हता. तेलासाठी एवढा जीव वरखाली होतो? चाबी हातात दिली की कोठारातल्या तेलाचीही मोकळीक झाली, कारण जुडगं एकच होतं. त्यांनी मोठ्या शांतपणे सांगितलं, "मी येतो जेवण करून. माह्यासमोर काढू."

तो वळला आणि इंजिनाच्या खोलीकडं जवळजवळ पळतच गेला.

कुंताबाईंनी पहिला घास घेतला आणि इंजिनाचा आवाज बदलला. रोजची धडधड एकदम बारीक झाली आणि चढू लागली. चढतच गेली. ताटातली वाटी थरथरायला लागली. त्या खरकट्या हातानं उठून धावल्या.

मिलमधून माणसं बाहेर पळत होती. पाखडणाऱ्या बाया सुपं टाकून फाटकाबाहेर. मोठा पट्टा चाकावरून निसटून भिंतीवर आपटला होता आणि इंजिनाच्या खोलीतून पांढरा-निळा धूर लोटत होता. श्यामराव ओट्यावरून ओरडत होते, डिझेल बंद कर, डिझेल बंद कर. डिझेल कधीचंच बंद झालं होतं. हिरालालनं कॉक फिरवून नळीसुद्धा उपटली होती, आणि इंजिन तरी थांबत नव्हतं. ते आता स्वतःचंच तेल पिऊन धावत होतं.

कुंताबाई दारात पोचल्या तेव्हा हिरालाल हवेच्या फिल्टरचं टोपण काढून त्या तोंडावर ओला बारदाना दाबत होता. इंजिनानं बारदाना आत ओढला, फाडला. "फळी!" तो मागं न पाहता ओरडला. "फळी द्या कोणी!"

देणारं कोणी नव्हतं. सगळे बाहेर होते. दाराशी पाण्याचा रांजण होता, त्यावर जाड लाकडी झाकण. कुंताबाईंनी ते उचललं आणि आत शिरल्या. धुरात काही दिसत नव्हतं, कानात दडे बसले होते. हिरालालनं झाकण त्यांच्या हातातून घेऊन तोंडावर बसवलं, तसं ते जागेवर चिकटलं, पण थरथरून सरकू लागलं. त्यांनी दोन्ही हात झाकणावर टेकले आणि अंगाचा सगळा भार टाकला. शेजारी हिरालालचे हात होते. एक हात तापलेल्या टर्बोला लागला होता, तो त्यानं काढला नाही.

इंजिन गुदमरलं. दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं.

माणसं हळूहळू परत आली. श्यामराव सगळ्यांआधी बोलले, की हे यानंच केलं असेल, कुलपाचा राग काढला. कुंताबाईंनी कमरेची चाबी काढली, कुलूप उघडलं, तोटी फिरवली. घमेलं भरलं, दुसरं लावावं लागलं. डबा वरच्या नळीपर्यंत काठोकाठ होता.

सुमनबाई नवऱ्याच्या हाताला खोबरेल तेल लावत होती. कुंताबाई त्यांच्यापुढं जाऊन बसल्या, जमिनीवरच. म्हणाल्या, "डब्याची नळी काढून टाकली असती तं झालं असतं नं?"

"झालं असतं," हिरालाल म्हणाला. "पण साखळी तोडा लागली असती. तोडली असती तं मी चोरच झालो असतो."

मग कुंताबाईंनी तो जुना प्रश्न विचारला, जो कधीच विचारायला हवा होता. सुमनबाई डोलचीत काय न्यायची?

"हेच काळं तेल," हिरालालनं सांगितलं. "इंजिनात ते परत टाकत नाही. बंडीवाल्यायले देत होतो, चाकाच्या आखाले लावाले. कोणी वांगे देये, कोणी भाजी."

"मले सांगतलं नाही."

"नाही सांगतलं," तो म्हणाला. "तेवढं माहं चुकलं."

टर्बोच्या पंख्याचं पातं तुटलं होतं, नागपूरहून मिस्त्री आणावा लागला. मिल आठवडाभर बंद राहिली आणि हौदातलं धान खरोखरच सडलं. श्यामरावांना कुंताबाईंनी सांगितलं, की भाऊजी, चहा आता घरी येऊन घेत जा, मिलवर नको. ते समजले आणि घरीही येईनासे झाले. त्यांच्यावर दोष टाकणं सोपं होतं, हे कुंताबाईंना ठाऊक होतं. वेल्डरला बोलावणं त्यांनी स्वतः धाडलं होतं.

साखळी काढून टाकली. हिरालाल हंगाम संपेपर्यंत राहिला, पहिल्यासारखाच चोख. कुंताबाईंनी दोनदा चहाला बोलावलं. तो आला, उभ्यानंच प्याला आणि गेला. उन्हाळ्याच्या तोंडी त्यानं सांगितलं, साकोलीला बोअर मारणाऱ्या गाडीवर काम मिळालं आहे, गावाजवळ आहे. राहा म्हणून त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, घरी माय एकटी आहे. ते खरं होतं की सांगायचं म्हणून सांगितलं, हे त्यांनी शोधलं नाही.

जायच्या दिवशी त्यानं नव्या माणसाला सारं इंजिन समजावून सांगितलं. मग दोघं नवराबायको सामान घेऊन फाटकात आले. कुंताबाईंनी तांदळाचं लहान पोतं आणून ठेवलं. घेणार नाहीत, असं त्यांना आतून वाटत होतं.

सुमनबाई वाकली, पोत्याचं तोंड सैल करून चार दाणे हातावर घेतले.

"नवा आहे का जुना?"

"जुना," कुंताबाई म्हणाल्या. "भात मोकळा होते."

"मंग बेस आहे," सुमनबाई म्हणाली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. पोतं उचलायला कुंताबाईंनी हात लावला.