व्हिडिओवरचं प्रश्नचिन्ह

नंदकुमार घरतने वीस वर्षं बातमीदारी केली, पण सानपाड्याबाहेर त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका छोट्या सांजदैनिकात तो नोकरीला होता. न्हावा शेवा बंदरात कंटेनर उलटला, कस्टमवाल्यांनी माल पकडला, कामगारांनी काम बंद पाडलं, की हा बाईक काढून हजर. दोन्ही बाजूंना विचारून तो लिहायचा आणि ते तिसऱ्या पानावर छापून यायचं. त्याचा चुलतभाऊ मिथुन मात्र एका दिवसात देशभर पोचला.

मिथुन मालवाहू जहाजावर फिटर होता. आखातात युद्ध पेटलं आणि त्याचं जहाज तिथल्या एका बंदरात अडकलं. एके पहाटे शेजारच्या तेलाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. मिथुनने ते मोबाईलवर टिपलं आणि "आये, घाबरू नको, मी बरा हाय" असं सांगून आईला पाठवलं. आईने नातेवाइकांना दाखवलं, नातेवाइकांनी पुढे सरकवलं आणि एका मोठ्या चॅनेलने थेट मिथुनलाच गाठलं. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ दर पाच मिनिटांनी लागत होता. खाली पट्टी होती, 'युद्धभूमीवरून आमचे प्रतिनिधी मिथुन घरत'.

प्रतिनिधी हा शब्द नंदकुमारला काट्यासारखा सलला.

घरतांची इमारत सिडकोने शेतजमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधलेली. तळमजल्यावर मिथुनची आई सगुणाकाकी राहायची, वर नंदकुमार आणि त्याची बायको संध्या. काकीकडे माणसांची रीघ लागली होती आणि खालचं बोलणं जिन्यातून सरळ वर येत होतं.

"नंदू पन पत्रकारच हाय ना?" कुणीतरी विचारलं.

"हाय तं," काकी म्हणाली, "पन तो आपला हितलाच."

काकीच्या मनात काही नव्हतं. तरी नंदकुमार ताटावरून उठला.

"भाऊ तिकडे जीव मुठीत धरून बसलाय," संध्या म्हणाली, "आणि तुमचं तोंड का उतरलंय?"

"काळजी वाटते," तो म्हणाला.

काळजी नव्हती असं नाही, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. बंदर त्याचा विषय होता. आयुष्यभर त्याने जहाजांवर लिहिलं, आणि जहाजाची बातमी करून नाव कमावलं ते नटबोल्टांवर पाने फिरवणाऱ्या पोराने.

त्याने व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. काहीतरी खोट सापडावी म्हणूनच तो बघत होता, आणि ती सापडली. आधी धूर डावीकडे वाहत होता, मधेच तो उजवीकडे वाहू लागला, उजेडही बदलला. दोन तुकडे जोडलेले होते. नंदकुमारला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मिथुन तेव्हा ऑनलाइन दिसत होता. एक ओळ टाकली असती तर उत्तर आलं असतं. ज्याच्यावर लिहिता त्याला आधी विचारा, हे नंदकुमार ऑफिसातल्या नव्या मुलांना बजावायचा. त्याने फोन उपडा ठेवला आणि लिहायला बसला.

'युद्धाच्या व्हायरल व्हिडिओवर प्रश्नचिन्ह'. मिथुनवर थेट आरोप कुठेच नव्हता, तेवढा तो मुरलेला होता. 'जाणकारांच्या मते' असं लिहिलं होतं आणि जाणकार तो स्वतःच होता. बातमी पहिल्या पानावर आली. मोठ्या वेबसाइटींनी ती उचलली, चॅनेलने गुपचूप व्हिडिओ काढून टाकला, आणि लोक मिथुनला नाही नाही ते बोलू लागले. घरात बसून सिनेमा काढतो, जहाजावर तरी आहे का हा, असलं बरंच काही.

काकी धापा टाकत वर आली. "नंदू, माज्या पोराला खोटारडा बोलतात रे. तू पेपरात हायस, तू सांग ना त्यांना."

"बघतो काकी," नंदकुमार म्हणाला. काकीला वाचता येत नव्हतं, आणि बातमीवर कुणाचं नाव आहे हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

मिथुनने मग स्वतःच सांगायचं ठरवलं. सायरन वाजल्यावर सगळे खाली गेले तेव्हा तो वर डेकवर गेला. आधी जहाजाचं नाव दाखवलं, मग स्वतःचा चेहरा, मग जळतं बंदर. "बघा, कुठं कापलेला नाय, कुठं जोडलेला नाय," तो बोलत होता. तेवढ्यात हवेत पाडलेल्या ड्रोनचे तुकडे जहाजावर कोसळले. पुढे व्हिडिओत नुसतं लोखंड दिसतं आणि कुणीतरी कण्हत असतं.

या वेळी कुणालाही शंका आली नाही.

मिथुन घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. गावदेवीच्या सभागृहात सत्कार झाला. कॅमेरे आले, शाल आली, काकी रडली. नंदकुमार दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मिथुनच्या हातावरच्या पांढऱ्या पट्टीकडे सगळे बघत होते, आणि तिचाही त्याला हेवा वाटला. आपल्याला हे वाटलं याची त्याला भीती वाटली.

घरी परतताना मिथुनने जिन्यात त्याला थांबवलं.

"दादूस, चॅनेलवाल्यांनी मागितला म्हनून मी दुपारचा एक वेगला व्हिडिओ दिलेला. जोडला त्यांनी. तू मना एक फोन का नाय केलास?"

"वेळच नव्हता रे," नंदकुमार म्हणाला. "पान छपाईला सुटायचं होतं."

"असंल," मिथुन म्हणाला. त्याने विश्वास ठेवला. तेच नंदकुमारला सोसेना.

दुसऱ्या दिवशी त्याने खुलासा लिहून संपादकांपुढे ठेवला. तुकडे चॅनेलने जोडले होते, मिथुनने नाही. वेळ हाताशी असूनही आमच्या वार्ताहराने संबंधिताला विचारलं नाही. खाली स्वतःचं नाव घातलं. संपादक म्हणाले, "शेवटचं वाक्य काढू या, उगाच पेपरची शोभा." नंदकुमारने काढू दिलं नाही. खुलासा आतल्या पानावर तळाला छापून आला.

संध्याकाळी मिथुन तो अंक डाव्या हातात घेऊन वर आला. बसला नाही.

"म्हंजे टाईम होता तुला," तो म्हणाला.

"होता."

मिथुनने अंक टेबलावर ठेवला. संध्याने चहाचं विचारलं, तो नको म्हणाला आणि जिना उतरून गेला. काकी अजून कधीमधी कालवण पाठवते. मिथुन वर येत नाही.